सहा स्पीकर, एक घड्याळ

भाच्याने घर बदलले तेव्हा माळ्यावरून ५.१चा जुना होम थिएटर संच खाली आला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, दणकट. सबवूफरच्या, म्हणजे जड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, पोटातच ॲम्प्लिफायर, सोबत पाच छोटे स्पीकर आणि पाठीमागे सहा आरसीए सॉकेटांची रांग. ज्या डीव्हीडी प्लेअरसाठी तो घेतला होता, तो केव्हाच भंगारात गेला. आता सगळे सिनेमे लॅपटॉपवर. रात्री दहाला भाच्याचा फोन : "मामा, संचाला सहा भोकं आहेत आणि लॅपटॉपला एकच. मध्ये काय लावू?"

"डॅक लाव," म्हणून फोन ठेवला असता तर माझे पुढचे तीन आठवडे वाचले असते.

डॅक म्हणजे आकड्यांची वीज करणारे यंत्र. संगणकाच्या लेखी आवाज ही आकड्यांची माळ असते. सिनेमाच्या आवाजात सेकंदाला ४८,००० आकडे, सीडीवर ४४,१००. त्या क्षणी विजेचा दाब किती हवा, एवढेच प्रत्येक आकडा सांगतो. डॅक ते आकडे ओळीने उचलतो, तेवढा दाब तयार करतो, मधल्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो आणि ॲम्प्लिफायरकडे सोडतो. मोबाइलमध्ये डॅक असतो, वायरलेस इअरफोनच्या दोन्ही बोंडांतही असतो. हे तंत्र आता इतके मुरले आहे की स्वस्तातला डॅकसुद्धा बहुधा कानाला खटकत नाही. अडचण वेगळीच आहे : गाणी ऐकणाऱ्यांसाठी बनलेले बहुतेक डॅक दोनच चॅनल, म्हणजे दोन स्पीकरांचे वेगळे आवाज, देतात, आणि आपल्याला हवेत सहा.

दुकानदाराने सुचवलेला पहिला उपाय ऑप्टिकल केबलचा. त्या केबलमधून जाणारी एसपीडीआयएफ नावाची पद्धत सोनी आणि फिलिप्सची, सीडीच्या काळातली. तिच्या रचनेत डावा आणि उजवा असे दोनच कप्पे आहेत. सहा चॅनल न्यायचे तर ते आवळूनच न्यावे लागतात. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल आवाज, म्हणजे असाच आवळलेला, जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिट वेगाने जातो. तेच सहा चॅनल, प्रत्येक आकड्याला १६ बिट (शून्य-एकच्या खुणा) देऊन, न आवळता पाठवले तर ४,६०८ किलोबिट लागतात, म्हणजे दसपट. पलीकडे गाठोडे सोडणारा डिकोडर हवा, आणि भाच्याच्या संचात तो नव्हता. ऑप्टिकल घेऊन सहा आरसीए देणारे छोटे डिकोडर बाजारात मिळतात आणि डीव्हीडीच्या फाइलींना ते चालतातही. पण गेम किंवा ब्राउझरमधला आवाज आवळलेला नसतो, त्यामुळे तो तिथे दोनच चॅनलचा होऊन पोहोचतो.

दुसरा उपाय भाच्याने स्वतः शोधला. अंगठ्याएवढी यूएसबी दांडी, वर ठळक अक्षरांत ७.१, किंमत एका पिझ्झाइतकी. मी त्याला फोटो मोठा करून भोके मोजायला सांगितले. एक हेडफोनचे, एक माइकचे. त्यातून आठ चॅनल बाहेर पडणार कुठून? डोके आणि कानाची पाळी आवाजात जो फेरफार करतात, त्याची नक्कल करून दोन कानांत आठ दिशांचा भास करून देण्याचे ते तंत्र आहे. हेडफोनवर थोडीफार गंमत येते. सहा स्पीकरांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिसरी कल्पना मात्र हुशारीची होती, म्हणूनच जास्त घातक. "मामा, दोन चॅनलचे साधे डॅक तीन घेतो. सहा झाले ना!"

इथे घड्याळाकडे यावे लागते. सेकंदाला ४८,००० आकडे उचलायचे, तर ठेका धरायला प्रत्येक डॅकमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक असतो. स्फटिक कितीही नेमका असला तरी दोन स्फटिक कधीच हुबेहूब एकसारखे धावत नाहीत. दहा लाखांत वीस-तीस इतका फरक अगदी सर्वसाधारण. समजा तो दहा लाखांत ३० आहे. मग एका मिनिटात दोन डॅकमध्ये १.८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. एका मिनिटात मागचा स्पीकर दोन फूट मागे सरकवल्यासारखा झाला. तासाभरात हे अंतर १०८ मिलिसेकंदांवर जाते, म्हणजे स्पीकर ३७ मीटरवर, बहुधा समोरच्या बिल्डिंगमध्ये.

वारीत हे सहज कळते. एका दिंडीतले सगळे टाळकरी एकाच पखवाजावर चालतात, म्हणून शंभर टाळांचा एक टाळ ऐकू येतो. मागून दुसरी दिंडी जवळ आली की तिचा पखवाज वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये उभे राहणाऱ्याला कोणताच ठेका धड सापडत नाही. तीन डॅक म्हणजे तीन दिंड्या.

आपला कान या बाबतीत फार चिकित्सक आहे. आवाज एका बाजूने आला तर दोन कानांपर्यंत पोहोचण्यात जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि तेवढ्यातून मेंदू दिशा ठरवतो. शिवाय तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे आला तर कान पहिल्याची दिशा पकडतो आणि दुसऱ्याला त्यातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. सराउंड ध्वनीची सगळी जादू या काही मिलिसेकंदांवर उभी आहे. मॅकमध्ये अनेक डॅक एकत्र बांधून एकाच्या घड्याळाशी बाकीचे जुळवून घेण्याची सोय आहे, पण ती ठिगळ लावण्याची सोय आहे. नव्याने घेताना एकाच पेटीत, एकाच घड्याळावर चालणारे सहा किंवा आठ चॅनल घ्यावेत. पेटीवर आतल्या डॅक चिपचे नाव सोनेरी अक्षरांत असते आणि चर्चाही त्यावरच झडते. माझ्या मते हॉलमध्ये बसून सिनेमा पाहणाऱ्याने ते नाव वाचलेही नाही तरी काही बिघडत नाही.

बऱ्या पेट्यांमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी : यूएसबीचे असिंक्रोनस काम. नाव अवघड, गोष्ट पंगतीतली. वाढपी आपल्या वेगाने वाढत सुटला तर कुणाचे पान ओसंडते, कुणाचे रिकामे राहते. जेवणाऱ्याने मागितले की वाढायचे, असे ठरले तर गोंधळ नाही. इथे जेवणारा डॅक. आपल्या घड्याळाप्रमाणे तो संगणकाकडे आकडे मागतो, संगणक मुकाट वाढतो.

आता केबल किती पेलते तेही बघू. जुनी, पहिल्या पिढीची यूएसबी ऑडिओ पद्धत एका मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १,०२३ बाइट नेते, म्हणजे सेकंदाला साधारण ८.२ मेगाबिट. १६ बिटांचे आठ चॅनल ६.१ मेगाबिटांत बसतात, २४ बिटांचे सहा चॅनल ६.९मध्ये. २४ बिटांच्या आठ चॅनलना ९.२ लागतात, ते बसत नाहीत. त्यासाठी २००६मध्ये आलेली दुसरी पिढी हवी. मॅक आणि लिनक्सने ती लवकर आपलीशी केली. विंडोजमध्ये तिची अंगभूत सोय यायला २०१७ उजाडले. त्यामुळे सीएम६२०६सारखी जुनी चिप असलेली स्वस्त पेटी १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० आकड्यांवर, थांबते. सिनेमाला तेवढे पुरते. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि पंखा चालू असलेल्या खोलीत त्याचा खालचा बराचसा भाग तसाही ऐकू येत नाही. १९२ किलोहर्ट्झच्या मागे लागण्याचे तर कारणच नाही.

तोवर मी भाच्याला माझ्याकडची रेकॉर्डिंगची पेटी वापरून बघायला दिली. मागे आठ आउटपुट, सगळी एकाच घड्याळावर. विंडोजला जोडली आणि यादीत आले : आउटपुट १-२, आउटपुट ३-४, ५-६, ७-८. चार वेगवेगळी दोन-चॅनल उपकरणे! आठ चॅनल एकत्र मिळत होते ते फक्त एएसआयओ या स्टुडिओवाल्यांच्या वाटेने, आणि सिनेमा दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअर त्या वाटेला जात नाहीत. खोक्यावर यातले अक्षरही नव्हते. मी ती पेटी तीन वर्षे वापरत होतो, पण गाणी रेकॉर्ड करायला. त्यामुळे मलाही हे तेव्हाच कळले. घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न म्हणून एकच : विंडोजच्या स्पीकर सेटअपमध्ये ही पेटी ५.१ किंवा ७.१ म्हणून दिसते का? दुकानदार गप्प बसला तर परत करण्याची मुदत विचारून घ्यावी.

मग आम्ही तीच पेटी लिनक्सवर लावली. आठ चॅनल एकत्र दिसले. सिनेमा सुरू झाला आणि नायिका तळघरातून बोलावे तशी घुमू लागली. विंडोजची ठरलेली ओळ अशी : पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मग मागचे दोन. सिनेमाच्या स्टुडिओत बऱ्याचदा डावा, मधला, उजवा असे जातात आणि सबवूफर शेवटी येतो. पेटीच्या मिक्सरमध्ये कुणीतरी (म्हणजे मीच, कधीतरी) अदलाबदल करून ठेवली होती. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलवर असतात, आणि तो चॅनल सबवूफरकडे जात होता.

सबवूफरच्या या चॅनलची आणखी एक खोड आहे. मोठ्या दणक्यांना जागा राहावी म्हणून तो इतरांपेक्षा १० डेसिबल हळू भरलेला असतो आणि वाजवताना तेवढा वाढवायचा असतो. रिसीव्हर, म्हणजे डिकोडर आणि ॲम्प एकाच पेटीत असलेले यंत्र, हे आपोआप करतो. डॅकमधून थेट जोडले की ते आपल्यावर येते, नाहीतर स्फोट फटाक्याच्या लवंगीसारखे वाजतात. शिवाय छोट्या स्पीकरांना जड आवाज झेपत नाही, म्हणून साधारण ८० हर्ट्झखालचा भाग कापून सबवूफरकडे वळवावा लागतो. काही पेट्यांत ही सोय असते. नसली तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर कॅमिलाडीएसपी ही मोफत सॉफ्टवेअर ते काम चोख करतात, पण एक रविवार खातात.

आवाज कमी-जास्त करायची खुंटी लोक शेवटी पाहतात, ती आधी पाहावी. दोन चॅनलना ॲम्प्लिफायरची खुंटी पुरते. स्वतःचा ॲम्प असलेले सहा स्वतंत्र स्पीकर असतील, तर सहा खुंट्या सारख्या फिरवणार कोण? सगळे चॅनल एकदम हलवणारे एक बटण किंवा रिमोट पेटीवर हवाच. फक्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहिलात आणि एखाद्या प्लेअरने विंडोजला बाजूला सारून पेटीचा ताबा घेतला, तर सहाही स्पीकर एकदम पूर्ण ताकदीने सुटतात. मध्यरात्री हे एकदा झाले की शेजारी ओळख दाखवेनासे होतात.

भाच्याच्या संचाला स्वतःची खुंटी होती, ते बरे झाले. तक्रार होती गुणगुणीची. सिनेमा थांबवला तरी स्पीकरमधून ५० हर्ट्झची बारीक घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढला की शांत, लावला की परत. लॅपटॉप आणि ॲम्प दोघांनाही वेगवेगळ्या वाटेने अर्थिंग मिळत होते आणि त्या वर्तुळात आपली घरची वीज गुणगुणत होती. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर आणले, तेव्हा बरीच कमी झाली. स्पीकरांना संतुलित, म्हणजे तीन तारांच्या केबली लागत असतील तर हा त्रास मुळातच कमी असतो. टॉपिंगच्या डीएम७ किंवा मोटूच्या अल्ट्रालाइट एमके५सारख्या पेट्या तशी आउटपुट देतात. पण भाच्याच्या आरसीएवाल्या जुन्या संचापुढे त्या म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके.

एवढा खटाटोप करण्याऐवजी एचडीएमआयचा रिसीव्हरच का घेऊ नये? घ्यावा की. २००२च्या पहिल्या एचडीएमआयपासून त्या केबलमधून आठ न आवळलेले चॅनल जातात. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारी पद्धत, हवे असेल तर सरळ रिसीव्हरचाच रस्ता धरावा, कारण ते गाठोडे सोडण्याचा परवाना या साध्या डॅक पेट्यांकडे नसतो. तोटा इतकाच की संगणकाला रिसीव्हर हा आणखी एक पडदा वाटतो. तो बंद केला की उघड्या खिडक्या इकडेतिकडे पळतात, आणि माउस नसलेल्या पडद्यावर जाऊन हरवतो. घरात डेस्कटॉप असेल तर मात्र काहीही घेण्याआधी त्याच्या पाठीमागे वाकून पाहा. हिरवे, काळे आणि केशरी भोक दिसले, तर ५.१ तुमच्याकडे आधीच आहे, एकाच घड्याळावर, ड्रायव्हरमध्ये स्पीकर निवडण्याच्या सोयीसह. तीन केबलींचा खर्च.

भाच्याकडे डेस्कटॉप नव्हता. शेवटी त्याने १६ बिटांची, खरोखरची सहा आउटपुट असलेली साधी यूएसबी पेटी घेतली. रविवारी जोडणी झाली. पुढचे स्पीकर मधोमध बसणाऱ्यापासून ३० अंशांवर, मागचे ११०च्या आसपास, हे त्याने कंपास पेटीतला कोनमापक घेऊन मोजले. माझ्या आईला सोफ्यावर मधोमध बसवले आणि सांगितले, "आजी, आवाज येईल तिकडे नुसतं बघ." त्याने स्पीकर सेटअपमधल्या मागच्या डाव्या स्पीकरवर टिचकी मारली.

आईने मान उजवीकडे वळवली. भाचा काही न बोलता सोफ्यामागे गेला आणि केबली उलटसुलट करू लागला.