काळी पुडी की निळी वडी?

कृषी केंद्रात जाऊन नुसतं "उंदराचं औषध द्या" म्हटलं, तर दुकानदार एक तर काळपट पुडी काढतो, नाहीतर मेणासारख्या निळ्या-हिरव्या वड्यांचं पाकीट. काम एकच असं समजून आपण हाताला येईल ते घेतो. पुडीत असतं झिंक फॉस्फाईड आणि वडीत ब्रोमॅडिओलोन. दोन्हींनी उंदीर मरतो, पण साम्य तेवढ्यावरच संपतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की पैसेही जातात आणि उंदीरही राहतात.

पुडी उघडली की लसणासारखा उग्र दर्प येतो. ती पूड पोटातल्या आम्लात मिसळली की फॉस्फीन वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. सकाळी ओट्याखाली दोन-तीन उताणे दिसले की माणूस खूश. पण गोम पुढेच आहे. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून अनोळखी खाणं तो आधी चाखून बघतो. ज्याने थोडंच खाल्लं तो तळमळतो, वाचतो आणि त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. आठवड्याभराने आपण म्हणतो, औषध बनावट निघालं! औषध खरंच असतं, उंदीर शहाणा झालेला असतो.

म्हणून पुडी वापरायची तर आधी दोन-तीन रात्री बिनविषाचा भरडा ठेवून उंदरांना चटक लावावी लागते. मग 96 ग्रॅम दादरचा (म्हणजे रब्बी ज्वारीचा) किंवा बाजरीचा भरडा, 2 ग्रॅम गोडेतेल, 2 ग्रॅम पूड, असं काडीने कालवायचं. नाकाला रुमाल, हातात मोजे. एकच रात्र ठेवायचं, सकाळी उरलेलं उचलून खोल पुरायचं. शेताच्या बांधावर बिळं दिसतात तिथे हे ठीक आहे. घरात मात्र पुडी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. पोराने किंवा कोंबडीने तो भरडा खाल्ला तर पुढचं सगळं नशिबावर.

वडीचा स्वभाव उलटा. ब्रोमॅडिओलोनचं प्रमाण 0.005 टक्के, म्हणजे किलोभर आमिषात जेमतेम 50 मिलिग्रॅम. ते शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम अडवतं, रक्त गोठेनासं होतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी दहा दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. त्रास इतक्या उशिरा सुरू होतो की तो वडीमुळे झाला हे त्याला उमगतच नाही. त्यामुळे बाकीचेही निवांत खात राहतात. इथे चटक लावायची गरज नाही, पण सवड लागते. तिसऱ्या दिवशी एकही मेलेला दिसला नाही म्हणून वड्या फेकून देणारे लोक पुष्कळ. वडी कुरतडली जातेय तोवर नवीन ठेवत राहायची. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून वडी पाईपच्या तुकड्यात घालून भिंतीलगत आडवी ठेवायची, खोलीच्या मधोमध नाही.

वडीवर उतारा आहे, के-1 जीवनसत्त्व, पण तो डॉक्टरच्या हातचा आणि उपचार कित्येक आठवडे चालू शकतात. शिवाय विष उंदराच्या अंगात राहतं. तो सुस्तावतो, मांजराला किंवा घुबडाला आयता सापडतो. घुबड तर फुकटचा उंदीरमार! त्यालाच गमावायचं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. मेलेला उंदीर दिसला की लगेच पुरून टाकावा, उकिरड्यावर टाकू नये.

वडी खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो, ही समजूत खोटी. तो जमेल तिथे मरतो. स्लॅबच्या घरात तो शोधता तरी येतो. मातीच्या सपाट छताच्या, म्हणजे धाब्याच्या घरात, छताच्या लाकडी कड्या आणि वरच्या खाऱ्या मातीच्या थरात कुठेतरी मेला, की वासाने घर सोडायची पाळी. अशा घरात आत पिंजराच बरा, भाकरीचा तुकडा तेलात बुडवून लावायचा. वड्या बाहेर, भिंतीच्या पायथ्याशी, बंद डब्यात.

ट्यूबमधली पेस्ट मिळते ती तिसरीच गोष्ट. तिच्यात बहुधा पिवळा फॉस्फरस असतो. यकृत निकामी होतं, उतारा नाही. घरात नको.

यातलं काहीही माणसाच्या पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा आणि पाकीट दवाखान्यात सोबत न्या. काळी पुडी की निळी वडी यावर डॉक्टरचे उपचार ठरतात.

आणि औषधाआधी जरा परसदारी बघा. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांचा ढीग सरपणासाठी भिंतीला टेकवून रचलेला असतो. दादर काढली की शेतातला उंदीर आधी त्या ढिगात मुक्काम करतो, मग तिथून कोठीत येतो. ढीग भिंतीपासून लांब, दगडांवर उचलून रचा, कोठीच्या बुडाची भोकं सिमेंटने बुजवा आणि वडीचा पहिला डबा त्या ढिगाच्या बाजूलाच ठेवा.