सायकलच्या हँडलची उंची

सायकलच्या हँडलची उंची : सीटच्या पातळीपेक्षा हँडलच्या मुठी किती वर किंवा खाली आहेत, ते माप. मुठी फार खाली असल्या की शरीराचा भार मनगटांवर येतो आणि समोर पाहण्यासाठी मान ताणून धरावी लागते. शहरातल्या रोजच्या फिरण्यासाठी मुठी सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असणे बहुतेकांना सोयीचे पडते. सीटची उंची आधी ठरवावी, हँडल नंतर. बडोद्यात दांडियाबाजार, रावपुरा अशा भागांतील मराठी घरांत थोरल्याची सायकल धाकट्याकडे येते तेव्हा सीट उतरवली जाते, हँडल मात्र बहुधा तसेच राहते. ते उतरवण्याचे कामही घरच्या घरी होण्याजोगे आहे.

साध्या आणि जुन्या सायकलींत हँडलचा उभा दांडा (स्टेम) फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, नळीत आत उतरलेला असतो. त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट खालची पाचर वर ओढतो आणि ती पाचर नळीला आतून घट्ट दाबते. त्यामुळे माथ्यावरचा बोल्ट पान्याने किंवा ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) तीन-चार फेरे सैल केला तरी हँडल हलत नाही, आणि येथेच पुष्कळजण जोर लावून थकतात. बोल्ट पूर्ण काढू नये. वर आलेल्या त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकावे, म्हणजे पाचर खाली सरकून सुटते आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर-खाली करता येते.

दांड्यावर कमीत कमी किती भाग आत असावा, याची खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसता कामा नये. ही खूण दांड्याच्या तळापासून त्याच्या व्यासाच्या निदान अडीच पट अंतरावर असते, २२.२ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यात ते अंतर सुमारे साडेपाच सेंटिमीटर भरते. खूण उघडी पडेपर्यंत उचललेले हँडल चालत्या सायकलीत मोडू शकते, म्हणून या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. अधिक उंची हवी असल्यास लांब दांडा बसवावा.

दांडा गंजून नळीत अडकलेला असणे ही बडोद्याच्या दृष्टीने महत्त्वाची अडचण आहे. विश्वामित्री नदीच्या पुरात, उदाहरणार्थ २०१९ आणि २०२४ साली, जी सायकल पाण्याखाली गेली असेल, तिचा दांडा सहजासहजी निघेल असे गृहीत धरू नये. सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे, आणि मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळावे. दांडा निघाला की तो पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. पुढच्या पावसाळ्यात त्याचा खरा उपयोग कळतो.

नव्या गिअरच्या सायकलींत फोर्कची नळीच वर येते आणि स्टेम तिला बाहेरून आवळलेले असते. तेथे उंची बदलण्यासाठी स्टेमखालच्या कड्या (स्पेसर) वर-खाली कराव्या लागतात, आणि नळी जितकी कापलेली असेल त्याच्या पलीकडे जाता येत नाही. जोडताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी हलकेच आवळावा, स्टेम चाकाच्या सरळ रेषेत आणावे आणि मगच बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. टोपी जास्त आवळली तर बेअरिंग जड फिरतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर सांध्यात खडखड जाणवली, तर टोपी सैल राहिली आहे.

हँडल उचलले की ब्रेकच्या केबलही ताणल्या जातात. म्हणून हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवून पाहावे. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलींत हँडलबरोबर दांड्याही वर जातात आणि ब्रेकचे रबर रिमला चिकटते, तेव्हा दांड्यांच्या जोडावरील स्क्रू सैल करून त्यांची लांबी नव्याने बसवावी लागते. एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक न करता दोन-चार दिवस सायकल चालवून पाहावी. शेवटी चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही हातांनी पिळावे. ते जागचे हलले, तर बोल्ट पुन्हा आवळावा.