कोरी नोट आणि करकरीत केलेली नोट

नोटेचा कोपरा चिमटीत धरून हलवला आणि ती करकर वाजली, की बरेच संग्राहक तिला कोरी मानून पैसे मोजतात. फसगत तिथेच होते. कडकपणा नंतरही आणता येतो, कोरेपणा आणता येत नाही.

कोरी नोट, म्हणजे बाजारातल्या बोलीत ‘यूएनसी’, गड्डीतून निघाल्यापासून एकदाही दुमडलेली नसते. ‘प्रेस केलेली’ नोट चलनात फिरलेली असते. ती पाण्याने दमट करून टिपकागदात दाबतात किंवा कापड ठेवून तिच्यावर इस्त्री फिरवतात. काही जण हलकी खळही लावतात. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. घडीवर हे तंतू मोडतात आणि त्यांच्यावरची शाई उडते. दाबल्यावर घडी सपाट होते, पण मोडलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. पुढच्या सगळ्या तपासण्या याच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली तपासणी तिरप्या प्रकाशाची. नोटांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दिवे डोक्यावर असतात आणि त्या उजेडात दाबलेली घडी दिसतच नाही. छोटा टॉर्च नोटेच्या कडेला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा आणि नोट हळूहळू चारी दिशांनी फिरवा. मधोमध उभी फिकट रेष दिसली तर ती घडीच. मग नोट उजेडासमोर धरा. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे बारीक भोक किंवा विरळ झालेला ठिपका सापडतो.

दुसरी तपासणी आम्हांला सर्वांत भरवशाची वाटते. नोट उलटी करा आणि पुढच्या बाजूचे आकडे जिथे छापले आहेत, नेमकी ती जागा पाहा. जुन्या नोटांवर क्रमांक दाबून छापलेले असतात, त्यामुळे मागे त्यांचा बारीक उठाव जाणवतो. इस्त्री झालेल्या नोटेत तो बसलेला असतो. 1996 पासूनच्या महात्मा गांधी मालिकेतल्या शंभराच्या नोटेवर चित्राची शाईही उठावाची आहे. तिच्यावरून बोट हलकेच फिरवा. गुळगुळीत लागली तर शंका घ्या.

अतिनील टॉर्चची तपासणी उपयोगी आहे, पण एकाच बाजूने. नोटेचा मूळ कागद त्या प्रकाशात मंद, काळसर राहतो. गांधी मालिकेत क्रमांकाची जागा आणि सुरक्षा धागा चमकतात, आणि ते बरोबरच आहे. पूर्ण कागदच निळसर पांढरा उजळला, तर नोट बहुधा कपडे धुण्याच्या पावडरीत गेलेली आहे, कारण त्या पावडरीतली उजळवणारी रसायने कागदात उतरतात. मात्र साध्या पाण्याने धुतलेली नोट चमकत नाही. म्हणून ‘चमकली नाही, म्हणजे धुतलेली नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

मापही घ्या. 1996 च्या गांधी मालिकेतल्या शंभराच्या नोटेचे माप 157 × 73 मिमी आहे. मळलेल्या कडा कापून टोकदार कोपरे काढलेली नोट यात कमी भरते.

दोन गोष्टींवरून मात्र कोरी नोट नाकारू नये. एक, डावीकडची स्टेपलची भोके. पूर्वी गड्ड्यांना स्टेपल मारत. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये बँकांना ते थांबवायला सांगितले. त्याआधीच्या कोऱ्या नोटेला भोके असणे स्वाभाविक आहे. चिंतामणराव देशमुखांच्या सहीची, रायगड जिल्ह्यातल्या या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची नोट भोके आहेत म्हणून सोडू नका. भोकाभोवती गंज पसरला असेल तर मात्र किंमत उतरवा. दोन, कागदाची हलकी लाट. अस्सल कागद किंचित लहरी असतो, तर प्रेस केलेली नोट पुठ्ठ्यासारखी सपाट पडते.

ही लाट ठाणे-नवी मुंबईत जास्त दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या घरांत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, कागद ओल शोषतो, नोट वळते आणि घरचेच कोणीतरी प्रेमाने इस्त्री फिरवते. अनेक चांगल्या नोटा फसवणुकीने नव्हे, अशाच बिघडल्या आहेत. वळलेली नोट पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात घालून कोरड्या डब्यात आडवी ठेवली, तर काही आठवड्यांत बरीचशी सरळ होते. डब्यात सिलिका जेल ठेवा, पण ते नोटेला लागू देऊ नका. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवायचे. 45 ते 55 टक्के आर्द्रता चांगली, आणि छोटे हायग्रोमीटर डब्यातच ठेवता येते. कपाट बाथरूमच्या भिंतीला लावू नका आणि डांबरगोळ्या जवळ नकोत. प्लॅस्टिकचा वास मारणारे मऊ पानांचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. ते कालांतराने चिकट होतात आणि नोटेला खातात.

महागडी नोट घेताना प्रमाणपत्राचा कागदही वाचा. पीएमजी या नोटा तपासून श्रेणी देणाऱ्या कंपनीच्या श्रेणीत 65 आणि त्यावरच्या नोटेला ‘ईपीक्यू’ हा शेरा लागतो, म्हणजे कागदाचा मूळ दर्जा शाबूत असल्याची नोंद. 64 वा त्याखाली शेरा नसेल तर कारण विचारा. प्रेस केलेली नोट विकणे गुन्हा नाही, न सांगता विकणे अप्रामाणिकपणा आहे. दुर्मीळ नोट हवीच असेल आणि पैसे मर्यादित असतील, तर दोन-तीन घड्यांची पण प्रेस न केलेली नोट घ्या. तिची श्रेणी कमी असली तरी ती पुढे कोणालाही उघड दाखवून विकता येते. पाकिटामागच्या कार्डावर पेन्सिलने घेतल्याची तारीख, किंमत आणि दिसलेला प्रत्येक दोष लिहून ठेवा, घडी कुठे आहे तेही.