पवईत ऊस, भांडुपला रम: साष्टीच्या खोतांचे उद्योग

पवई म्हटलं की आता आयआयटी आणि टॉवरच आठवतात, पण १८३० च्या आसपास तिथे ऊस, नीळ, रेशमासाठी तुतीची झाडं असलं सगळं चालू होतं, आणि ते करणारा माणूस कोणी खानदानी सरदार नव्हता, फोर्टातला पारशी व्यापारी होता, फ्रामजी कावसजी बनाजी.

मागची भानगड अशी की १७७४ ला साष्टी, म्हणजे मुंबई शहराच्या उत्तरेचं बेट, जिथे आज पवई-भांडुपसारखी उपनगरं आहेत, इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात ती पक्की झाली, पण बराचसा भाग जंगल नाहीतर पडीक, भातशेती सोडून फारसं काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीला शेतसारा तर हवा पण खर्च नको. मग काय, अख्खी गावंच्या गावं पट्ट्याने, म्हणजे भाडेकराराने, देऊन टाकली, घेणारे ते खोत, बघा तुम्हीच. पवई १७९९ ला डॉक्टर स्कॉट नावाच्या साहेबाला मिळाली, पुढे भाडं थकलं, सरकारने जप्त केली आणि १८२९ ला फ्रामजींना दिली. त्यांनी विहिरी खणल्या, रस्ते केले, साखरेची गिरणी घातली, बंगला बांधला. गव्हर्नर माल्कम साहेब तर बघून जाम खूश झाले होते. १८३८ ला इंग्लंडच्या राणीला आंबेही पाठवले म्हणे, म्हणजे मार्केटिंगही जमत होतं! (धोबीतलावच्या तलावावर पैसे खर्च करणारे ते हेच.)

भांडुपचा किस्सा मात्र मला जास्त आवडतो. तिथे अ‍ॅशबर्नर नावाच्या साहेबाची इस्टेट, १८१७ ला ती त्याच्याच मॅनेजरने, कावसजी माणेकजींनी विकत घेतली. तिथल्या भट्टीत रम गाळायची आणि लष्कराला पुरवायची, म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं, बुडायचा प्रश्न नाही. आणि याच भांडुपला १८४३ ला आलेल्या जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनिअरला मुंबई ते घाटापर्यंत रेल्वे न्यायची कल्पना सुचली, असं जुनं सरकारी गॅझेटियर सांगतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि सगळं गणितच फिरलं. खोतांचा ऊस, नीळ राहिलं बाजूला, आता रुळालगतची जमीन हाच माल. विक्रोळीची जमीन १९४३ ला पिरोजशा गोदरेजांनी लिलावात घेतली ती शेतीसाठी नाही, कारखान्यांसाठी.