युद्ध पेटलं की बोलणी संपतात का?

'एकदा तोफा धडधडल्या की वाटाघाटी संपल्या, मग निकाल रणांगणावरच' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. राजदूत माघारी बोलावल्याच्या बातम्या वाचून कुणालाही तसंच वाटेल. प्रत्यक्षात अनेकदा बोलणी लढाईच्या बरोबरीनंच चालू असतात.

कोरियाचं युद्ध घ्या. ते जून १९५० मध्ये पेटलं. १० जुलै १९५१ ला केसाँगला बोलणी सुरू झाली, पुढे ती पानमुनजोमला हलली. युद्धविरामावर सह्या झाल्या २७ जुलै १९५३ ला. मधली दोन वर्षं बैठकाही चालू होत्या आणि तोफाही. घोडं सर्वांत जास्त अडलं ते युद्धकैद्यांपाशी: ज्याला मायदेशी जायचंच नाही, त्याला जबरदस्तीनं धाडायचं का? याचं उत्तर तोफेकडे नव्हतं, ते टेबलावरच काढावं लागलं. तोवर माणसं मरत राहिली, हे मात्र मन खाणारं आहे.

संबंध तुटले तरी वाट उरते. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं ४५वं कलम वाचा. सशस्त्र संघर्षातही यजमान देशानं दूतावासाची इमारत आणि कागदपत्रं जपायची असतात. शिवाय आपल्या हितसंबंधांची काळजी, यजमानाला मान्य असलेल्या तिसऱ्या देशाकडे सोपवता येते.

पडताळायला सोपं आहे. कुठल्याही युद्धाच्या दोन तारखा शोधा: पहिली बैठक कधी झाली आणि गोळीबार कधी थांबला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं बिनशर्त शरणागती पत्करली, तशीही उदाहरणं सापडतील. तीही मोजा.