'हो' म्हणजे नेमकं काय?

लग्नपत्रिकेची फाईल. मुहूर्ताची वेळ दुरुस्त केलेली प्रत डेस्कटॉपवर, चुकीच्या वेळेची जुनी प्रत पेनड्राइव्हवर, आणि दोन्हींचं नाव एकच: 'पत्रिका फायनल'. घाईत पेनड्राइव्हवरची फाईल डेस्कटॉपवर ओढली की संगणक थबकतो आणि विचारतो, खात्री आहे ना?

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत हा प्रश्न सविस्तर असे. या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? सोबत दोन्ही फायलींचा आकार आणि तारीख. एकाच फाईलसाठी खाली येस आणि नो, जास्त फायली असतील तर बटणं चार: येस, येस टू ऑल, नो, कॅन्सल. माहिती पुरेपूर होती, हे कबूल करायला हवं. पण नजर थेट बटणावर जाते, आणि नुसत्या 'येस'ला स्वतःचा अर्थच नाही; तो वरच्या वाक्यात अडकलेला. 'नो' आणि 'कॅन्सल' यांतला फरक तर बटणांवरून कळतच नसे: 'नो'ने ती फाईल वगळून काम पुढे जाई, 'कॅन्सल'ने सगळंच थांबे. 'नो टू ऑल' हवं असेल तर शिफ्ट दाबून 'नो'वर क्लिक करायचं! हे कुणाला आपणहून सुचणार?

न वाचणं हा निव्वळ आळस नव्हे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते टिपणाऱ्या, यंत्रात ठेवून संगणकावरच्या सुरक्षा-सूचना दाखवल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली तरी मेंदूतल्या दृष्टीशी निगडित भागांचा प्रतिसाद बराच घटतो. दुसऱ्यांदाच! आपण तर ही चौकट शेकडो वेळा पाहिलेली असते.

पुढे विंडोज व्हिस्टात बटणांच्या जागी चक्क वाक्यं आली: कॉपी करून जुनी बदला, कॉपी करू नका, कॉपी करा, पण दोन्ही ठेवा. तिसरा पर्याय निवडला की नव्या फाईलच्या नावापुढे २ लागे. मला यातलं हे तिसरं वाक्यच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण 'हो की नाही' विचारलं तर ते उत्तर देताच येत नाही. आणि गरज त्याचीच असते: डिलीट केलेली फाईल निदान रिसायकल बिनमध्ये सापडते, वरून दुसरी फाईल बसवलेली तिथेही जात नाही.

अर्थात क्रियापद घातलं की भागलं, असंही नाही. १९८१च्या सुमारास ॲपलच्या लिसा संगणकाच्या चाचण्यांत संमतीच्या बटणावर 'डू इट' लिहिलेलं होतं. दोन शब्दांतली जागा नीट दिसेना, मधला मोठा आय एलसारखा दिसे, आणि एका माणसाने ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं. संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतोय, म्हणून तो वैतागला. मग तिथे 'ओके' आलं. वाचायला सोपं, पण काय होणार ते न सांगणारं.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. 'जेवला नाहीस?' असं विचारल्यावर आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो आणि 'नाही, नाही जेवलो' असंही म्हणतो. पुढचे दोन शब्द ऐकू येतात म्हणून ताट वाढलं जातं. 'बदल जतन करायचे नाहीत?' या प्रश्नाखाली नुसतं 'हो' आणि 'नाही' असेल, तर ते पुढचे शब्द कुठेच नसतात. 'जतन करा' आणि 'जतन करू नका' एवढं बटणावर सहज मावतं.