विकले किती, चालू किती

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला विक्रीला आलं. पुढच्या काही वर्षांत ते अनेक घरांत पालथं घातलेलं दिसू लागलं. सुरुवातीच्या यंत्रांत डिस्क वाचणारी लेन्स प्लॅस्टिकच्या रुळावर सरकायची आणि तिच्या शेजारीच वीजपुरवठ्याचा भाग तापायचा. रूळ झिजला की लेन्स तिरपी व्हायची आणि गेममधली चलचित्रं अडखळायची. यंत्र उलटं किंवा कडेवर उभं केलं की आणखी काही दिवस ढकलता यायचे. तेवढे दिवस संपले की एकतर दुरुस्ती करायची, नाहीतर दुसरं यंत्र आणायचं. ज्यांनी दुसरं आणलं त्यांच्या नावावर सोनीच्या हिशेबात दोन प्लेस्टेशन चढली. खेळणारं घर मात्र एकच. मग कन्सोलच्या विक्रीचे आकडे अशा बिघाडांनी फुगलेले असतात का?

मिक्सरच्या बाबतीत असला प्रश्न कुणाला पडत नाही. एखाद्या कंपनीने एक कोटी मिक्सर विकले म्हणजे एक कोटी स्वयंपाकघरांत ते आज फिरतायत, असं कुणी मानत नाही. गेम कन्सोलच्या आकड्याकडे मात्र तसंच पाहिलं जातं, आणि त्याला कारण आहे. कन्सोल बऱ्याचदा तोट्यात किंवा जेमतेम नफ्यात विकला जातो. खरा पैसा नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या हिश्श्यातून येतो. त्यामुळे गेम बनवणारा स्टुडिओ ‘किती यंत्रं विकली गेली’ या आकड्याकडे जनगणनेसारखा पाहतो. अमुक कोटी कन्सोल म्हणजे अमुक कोटी संभाव्य गिऱ्हाइकं. बंद पडून माळ्यावर गेलेलं यंत्र या जनगणनेत जिवंतच राहतं.

आकडा मुळात मोजतो काय, हेही दर वेळी सारखं नसतं. कंपनी बहुधा दुकानदारांकडे किंवा वितरकांकडे गेलेला माल सांगते. अमेरिकेत एनपीडी (आता सर्काना), जपानमध्ये फामित्सू यांसारख्या संस्था गिऱ्हाइकाने काउंटरवरून उचललेल्या मालाचा अंदाज देतात. सोनी मार्च २००७ पर्यंत ‘उत्पादन होऊन रवाना झालेली’ यंत्रं मोजत होती, त्यानंतर ती विक्रीच्या आकड्यावर आली. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या अखेरीस आपल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलची १.०४ कोटी यंत्रं रवाना झाल्याचं सांगितलं. पुढच्या अख्ख्या सहामाहीत त्यात भर पडली फक्त १२ लाखांची. आधी पाठवलेला माल दुकानांत साचला होता, तो विकला जाईपर्यंत नवा पाठवायला जागा नव्हती. म्हणजे नादुरुस्तीचा विषय निघण्याआधीच या आकड्यांत बऱ्यापैकी सूज असते.

आता ३६० कडेच येऊ, कारण बिघाडांनी विक्रीचा आकडा फुगतो या वादाचं माहेरघर तेच.

२२ नोव्हेंबर २००५ ला हे यंत्र अमेरिकेत आलं. साधा संच २९९ डॉलरला, मोठा ३९९ ला. पॉवर बटणाभोवती हिरव्या दिव्यांचं कडं होतं. त्याचे तीन चतुर्थांश लाल होऊन लुकलुकू लागले की यंत्र गेलं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘रेड रिंग ऑफ डेथ’. यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचं, ते तापलं की आतली सुटलेली जोडणी पुन्हा चिकटते, असा एक तोडगाही फिरत होता. पालथ्या प्लेस्टेशनचाच हा पुढचा अवतार, फक्त आग लागण्याची शक्यता जास्त. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलेलं कारण असं की यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करताना तापमान वर-खाली व्हायचं आणि त्या ताणाने चिपच्या आतल्या जोडण्यांना तडे जायचे. नुसत्या उष्णतेने जेवढं नुकसान झालं नसतं, तेवढं तापण्या-निवण्याने केलं.

विक्रीच्या आकड्याच्या दृष्टीने इथे महत्त्वाची गोष्ट वॉरंटीची आहे. सुरुवातीला अमेरिकेत ती होती ९० दिवस. त्यानंतर बिघाड झाला तर दुरुस्तीला सुमारे १४० डॉलर. साधा संचच २९९ ला मिळत असताना १४० डॉलर आणि काही आठवड्यांची वाट, यापेक्षा नवीनच घेऊ असं काहींना वाटणं अगदी स्वाभाविक होतं. डिसेंबर २००६ मध्ये मुदत एक वर्ष झाली. मग ५ जुलै २००७ ला मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी तीन वर्षांची वॉरंटी जाहीर केली, आधी ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत करायचं कबूल केलं आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तेव्हा एक्सबॉक्सचा कारभार पाहणारे पीटर मूर यांनी पुढे सांगितलं की हा आकडा १.१५ अब्ज होता आणि त्यातले २४ कोटी तर निव्वळ यंत्रांची ने-आण करणाऱ्या कुरिअरचे.

‘३६० चा आकडा बिघाडांनी फुगवलेला आहे’ असं बेधडक म्हणणारे ही तारीख विसरतात. जुलै २००७ नंतर लाल दिव्यांनी बंद पडलेलं यंत्र खोक्यात घालून पाठवलं की बदल्यात दुरुस्त केलेलं फुकट मिळत होतं. ते नव्या विक्रीत धरलं जात नाही. नवीन विकत घ्यायची गरजच उरली नाही. बिघाड तोच, पण विक्रीच्या रकान्यातून तो खर्चाच्या रकान्यात गेला.

तरी एक फट राहिली. सगळेच ३६० लाल दिव्यांनी मरत नव्हते. वाढीव वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट २००९ मध्ये आपल्याकडच्या १६ हजारांवर कन्सोलांची पाहणी जाहीर केली. दोन वर्षांत ३६० पैकी २३.७ टक्के, त्याच पिढीतल्या प्लेस्टेशन ३ पैकी १० टक्के आणि निंटेंडो वीपैकी २.७ टक्के यंत्रं बंद पडली होती. वॉरंटी विकणाऱ्याने बिघाडाची आकडेवारी द्यावी यातली गंमत वेगळी सांगायला नको. पण याहून मोठा खुला नमुना हाताशी नाही. त्या २३.७ पैकी साधारण निम्मे बिघाड दुसरे होते, डिस्क न वाचणं वगैरे, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीत ते बसत नव्हते. ‘ई ७४’ हा चित्र जाण्याचा दोषही एप्रिल २००९ मध्ये वॉरंटीत आला.

या आकड्यांवर एक ढोबळ हिशेब मांडता येतो. २००९ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तीन कोटींचा टप्पा सांगितला होता. त्यातली १२ टक्के यंत्रं वॉरंटीबाहेरच्या दोषाने गेली असं धरलं, तर ३६ लाख. सगळी यंत्रं दोन वर्षं जुनी नव्हती, तेव्हा हाही आकडा जास्तच. त्यातल्या निम्म्या घरांनी दुसरा ३६० घेतला असं उदारपणे मानलं, तर १८ लाख, म्हणजे सहा टक्के. दुर्लक्ष करावं इतकं कमी नाही, पण ‘निम्मा आकडा खोटा’ या आरोळीच्या जवळपासही नाही.

तरीही हे सहा टक्के झोंबतात, कारण त्या पिढीची शेवटची लढत फारच चुरशीची झाली. ३६० चा मायक्रोसॉफ्टने दिलेला शेवटचा आकडा ८.४ कोटी, प्लेस्टेशन ३ चा ८.७४ कोटी. तीस-पस्तीस लाखांच्या फरकावर ‘दुसरा कोण’ हे ठरत असेल, तर दोन्हीकडच्या दुबार खरेद्या वजा करून काय उरतं हे पक्कं सांगता येत नाही. वी मात्र १०.१६ कोटींवर निवांत होता, आणि तो फारसा मोडतही नव्हता.

बिघाडाचा उलटा परिणामही झाला, त्याची चर्चा कमी होते. आतल्या चिपा लहान झाल्या की यंत्र थंड राहतं, हे गिऱ्हाइकांना कळलं होतं. २००७ मधला ‘फाल्कन’ आणि २००८ मधला ‘जॅस्पर’ या मदरबोर्डांची (आतल्या मुख्य सर्किट पाट्यांची) नावं लोक दुकानात खोक्यावरचे आकडे वाचून ओळखायचे, आणि जुना माल दिसला तर हात हलवत परत जायचे. ही न झालेली विक्री कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. जून २०१० मध्ये सडपातळ ३६० आला. त्यात लाल दिवेच ठेवले नव्हते. तो झपाट्याने खपला आणि २०११ मध्ये ३६० अमेरिकेतला सर्वाधिक विकला गेलेला कन्सोल ठरला. त्यात किनेक्ट या अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा वाटा होता, आणि जुनं यंत्र कधी दगा देईल या धास्तीने नवं घेणाऱ्यांचाही असणार.

माझ्या मते दुबार खरेदीने ज्याचा आकडा खरोखर वाढला असेल तो कन्सोल ३६० नव्हे, प्लेस्टेशन २. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत ‘डिस्क रीड एरर’ ही नेहमीची तक्रार होती. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावाही झाला आणि तडजोडीने मिटला. पण तीन वर्षांची मोफत दुरुस्ती वगैरे काही नव्हतं, आणि किंमत मात्र उतरत गेली: २००० मध्ये २९९ डॉलर, २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९, २००९ मध्ये ९९. दुरुस्तीचा खर्च आणि नव्या यंत्राची किंमत जवळ आली की माणूस पेचकस उचलत नाही, दुकानात जातो. शिवाय २००४ मध्ये छोटं, सुबक मॉडेल आलं. मार्च २०१२ पर्यंतचे प्लेस्टेशन २ चे १५.५ कोटी आणि हातात धरून खेळायच्या निंटेंडो डीएसचे १५.४ कोटी यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावं. अर्थात डीएसवालेही काही कमी नव्हते. जुना चालू असताना डीएस लाइट, मग डीएसआय ही नवी मॉडेलं घेणारी घरं पुष्कळ होती. ती नादुरुस्ती नाही, हौस आहे. आकड्यात दोन्ही सारखीच दिसतात.

आपल्याकडे गणित उलटं चालायचं. ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला तो मोठ्या संचाला २३,९९० रुपये सांगत. एवढ्या पैशांची वस्तू लेन्स गेली म्हणून टाकून देणारं घर विरळाच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लेन्स बदलून मिळायची, नकली डिस्कही चालवणारी मॉड चिप बसवून मिळायची, आणि यंत्र एका भावाकडून दुसऱ्याकडे, मग तिथून एखाद्या मित्राकडे जायचं. इथे चूक दुसऱ्या दिशेला होते: विक्री एक आणि खेळणारी घरं तीन. जिथे कारागिराचा हात स्वस्त आणि यंत्र महाग, तिथे बिघाडाने विक्री वाढत नाही.

या सगळ्याची झळ आणखी एका लाडक्या आकड्याला लागते. एका कन्सोलमागे किती गेम विकले गेले हे गुणोत्तर प्रत्येक कंपनी मिरवते. त्याच्या छेदात मेलेली यंत्रंही असतात. घरातला दुसरा कन्सोल आला म्हणून जुने गेम कुणी पुन्हा घेत नाही, त्यामुळे दुबार खरेदी जितकी जास्त तितकं हे गुणोत्तर खाली येतं. ३६० चं गुणोत्तर त्या पिढीत दमदार होतं, आणि तेही हा भार वाहून.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विकलेल्या कन्सोलांची संख्या सांगणंच सोडलं आणि महिन्याला सक्रिय असलेले वापरकर्ते सांगायला सुरुवात केली. पहिला आकडा ३.९ कोटींचा होता. एक्सबॉक्स वन तेव्हा प्लेस्टेशन ४ च्या बराच मागे होता, त्यामुळे हा बदल तत्त्वासाठी केला यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. सोनी अजून दोन्ही आकडे देते. २०२४ मध्ये तिने सांगितलं की प्लेस्टेशन ४ आणि ५ यांवर महिन्याला प्रत्येकी सुमारे ४.९ कोटी लोक खेळतात. प्लेस्टेशन ४ विकला गेला होता ११.७ कोटी.